पिवळ्या खडूचा ढीग

३ डिसें.
फाउंड्रीत तपासणीनंतर दोनच ढीग असायचे. हिरवा खडू ओके, लाल रिजेक्ट. प्लॅनिंगला रोहित आल्यापासून तिसरा. पिवळा, ‘ओकेइश’. आता सगळ्यांनाच ‘इश’ची लागण. चहा गरमिश, साहेब चिडलेलेइश. खडू मारणारे काळेमामा मला म्हणाले, "म्याडम आज हसलाइश की!" हसले असेन.

५ डिसें.
आज माझ्याकडे तपासायला उसाच्या ट्रॉलीचे हूक. एकावर लाल डाय मारली, पुसली, पांढरी पावडर फवारली. मानेवर केसाएवढी लाल रेघ. भेग.
रोहित : "क्रॅक नाही गं, क्रॅकी आहे."
भेग असते किंवा नसते, म्हटलं.
"क्वालिटीवाइज बरोबर. डिस्पॅचवाइज बघ ना."
त्याने त्यावर पिवळा खडू मारायला लावला. उद्या सगळा ढीग परत तपासते, तोवर हलवू नका, असं काळेमामांना दोनदा सांगितलं.

६ डिसें.
ढीग नाही. जागा झाडून स्वच्छ.
काळेमामा : "गेलं की! हंगाम हाय, गाडीला माल कमी पडत हुता. रोहितसायब म्हणलं, खडू पुसा नि रंग मारा."
रंगाखाली हिरवा-पिवळा ओळखू येत नाही. मालाची गाडी राधानगरी रस्त्यावरच्या दुकानदाराकडे गेली. रोहितला विचारलं. "अगं, सेफिश आहेत सगळे."
जेवणाचा डबा उघडला नाही. 

८ डिसें.
दादाचा फोन, गावाहून. हा माझा सख्खा भाऊ, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून ऊस ओढतो.
"तुज्या कंपनीचा हूक बसिवला बघ. राधानगरी रस्त्याच्या दुकानातनं. नवा कोरा."
काढ, म्हटलं.
"का? फुटकं हाय?"
माहीत नाही.
"मग कशाला घाबरिवतीस? रिस्कीइश हाय व्हय?" खो खो हसला. हा शब्द मीच घरी नेलेला, गंमत म्हणून.
उद्या येते, तोवर ट्रॅक्टर काढू नकोस. आईची शपथ घातली. एरवी मी शपथा घालत नाही.

९ डिसें.
डाय आणि पावडरचे डबे पिशवीत घालून गेले. हुकाच्या मानेवरचा रंग घासला. दादा वरनं बडबडत होता, "खेपा बुडाल्या माज्या." डाय मारली, पुसली, पावडर फवारली. थांबले.
रेघ नाही. दुसऱ्यांदा केलं. नाही.
"बघ! उगंच जीव खाल्लास."
सुटल्यासारखं वाटलं, चहा होईपर्यंत. मग कळलं : रेघवाला हूक दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रॉलीला आहे.
येताना दुकानात गेले. "इकलं की सगळं. नावं कोण लिवून घेतंय, बाई?"

१० डिसें.
मालकांना मेल. रोहितने वाचून सुचवलं, निदान ‘मायनर’ तरी लिही. लिहिलं नाही. लिहिलं ते असं : एका हुकाला भेग आहे. भरलेली ट्रॉली सुटू शकते. सगळे परत मागवा. उत्तर नाही. काळेमामांनी चहा आणून ठेवला.

११ डिसें.
उत्तर नाही. सकाळीच राधानगरी रस्त्यावर गेले, दिसेल त्या ट्रॅक्टरला थांबवायचं ठरवून. दोघे थांबले. एकाने तपासू दिलं. दुसरा म्हणाला, "बाई, कारखान्यावर रांगेतला नंबर जाईल माजा," आणि निघाला. त्याचा हूक नवा होता. मी त्याच्यामागे गाडी घातली. पुढे चढ. शाळेची मुलं सायकली घेऊन ट्रॉलीच्या अगदी मागे. हॉर्न दाबून धरला. मुलांनी हात हलवले, ट्रॅक्टरवाल्याने वळून पाहिलं नाही.