‘रोज’ ही तारीख नव्हे

७ नोव्हेंबर, सोमवार

समितीसाठी मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आजपर्यंत:

तक्रारपेटी, एक. जुन्या फळ्यांच्या चौकटींचं लाकूड. कोपरे दातांत दात बसवून जोडलेले, खिळा एकही नाही. फट चौदा सेंटिमीटर, कडा घासून गुळगुळीत — चुरगळलेला कागदसुद्धा अडकत नाही. सव्वीस वेळा टाकून पाहिला.

खुर्च्या, दोन. सुनावणीसाठी. एक तक्रार करणाऱ्याची, एक ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची. उंची एकच, मिलिमीटरचा फरक नाही. कुणी कुणाकडे मान वर करून बघायचं नाही!

नोंदवही, दोनशे पानी. शिवण माझी, रेघा माझ्या.

अर्जाचा नमुना, अकरा रकाने. बाहेरून आलेल्या छापील नमुन्यात ‘घटनेची वेळ’ हा रकानाच नव्हता. म्हणे तज्ज्ञांनी केलाय.

छळ आणि भेदभाव प्रतिबंध समिती. डिग्रीवाल्या तेवीस जणांतून एकाचाही हात वर झाला नाही, म्हणून लाकूडकाम शिकवणाऱ्याच्या गळ्यात पडली. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “तुम्ही नीट कराल.” नीटच करतो मी. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे अर्धवट शिकायची सोय नव्हती.

९ नोव्हेंबर, बुधवार

तिमाही अहवाल गेला. तक्रारी — शून्य. बाई खूश. “संस्थेच्या अध्यक्षांना शून्य फार आवडतो,” म्हणाल्या.

खरं म्हणजे एक अर्ज आला होता. आठवी ब मधल्या मुलीचा — शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींची मुलगी. पण अर्ज म्हणायचा तरी कसा! घटनेची तारीख: ‘रोज’. साक्षीदार: ‘सगळे’. ठिकाण: ‘प्रयोगशाळा’ — एवढा एकच रकाना धड. नेमके शब्द काय वापरले, तिथे: ‘मला लिहायचे नाही’. अशावर चौकशी कशी होणार? लाल पेन्सिलीने खुणा केल्या. समासात लिहिलं — ‘“रोज” ही तारीख नव्हे. “सगळे” म्हणजे कोण? नावे द्यावीत.’ तिच्या लाकूडकामाच्या वहीत घडी करून दोन तारखेलाच परत दिला. कुणाला दिसू दिलं नाही. पूर्ण भरून आला की नोंदवणार. अपुरा अर्ज नोंदवहीत घेत नाही मी.

१० नोव्हेंबर, गुरुवार

पेटी उघडली. रिकामी. बिजागरीला तेल दिलं.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी कार्यशाळेत मावशी भुसा गोळा करत होत्या. एरवी झाडताना त्यांची बडबड चालू असते — कुठल्या वर्गात बाकाखाली काय सापडलं, कोणत्या सरांच्या टेबलाखाली शेंगांची टरफलं. आज गप्प.

“बरं नाही का?”

“मला काय होतंय. पोरगी येत नाही शाळेत. पोट दुखतं म्हणते.”

“डॉक्टर?”

“दाखवलं. पोटात काही नाही म्हणाला.” सुपलीतला भुसा पोत्यात ओतला. “महिनाअखेरपर्यंत बघते. नाहीतर घेते बरोबर कामाला. दोघी मिळून दोन इमारती होतील.”

“आठवीतून काढणार?”

“मी कुठे काढतेय सर? तीच निघालीय.”

त्या गेल्यावर हजेरीपट काढला. दोन तारखेला मी अर्ज परत केला. तीन तारखेपासून मुलगी गैरहजर.

योगायोग असेल. पुन्हा तपासला. दोन. तीन.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

प्रयोगशाळेचा एक खण अडकतो. तो दुरुस्त करायच्या निमित्ताने आठवी ब च्या तासाला जाऊन बसलो. निमित्त खोटं नव्हतं, खण खरंच अडकतो.

विज्ञानाचे सर माझे मित्र. बारा वर्षं मधल्या सुट्टीतला चहा आम्ही एकत्र घेतो. ट्रान्सफॉर्मर मला समजावला तो त्यांनी, चार दिवस, न कंटाळता. मला ‘मिस्त्री’ म्हणतात. “या मिस्त्री, आमच्या गरीबखान्यात!” — वर्ग हसला, मीही हसलो.

प्रयोग झाला. बत्तीस मुलं, अकरा बीकर, सगळे निळे झालेले. सर म्हणाले, “चला, धुवायचे. — अरे, आमचा फडका आजही नाही का?”

वर्ग हसला.

“मग आता? तू ये गं. हो, तूच. तुझे वडील कचऱ्याची गाडी चालवतात ना? मग घरचंच काम आहे. हात बसलेला असतो यांचा!”

पुन्हा हसले. ती मुलगी उठली. कुरकुर नाही, आश्चर्य नाही. नळ सोडला. बाकीच्या एकतीस जणांनी वह्या भरल्या, तिची वही बाकावर तशीच उघडी. घंटा झाली तेव्हा तिचा सातवा बीकर चालू होता.

खणाचा स्क्रू घट्ट करत होतो. पेचकस घसरला.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल ‘फडका’वर मीही हसलो होतो. सवयीने. ऐकायच्या आधीच.

लिहून ठेवतो.

१९ नोव्हेंबर, शनिवार

मावशींच्या घरी गेलो. दोन खोल्या, जिन्याखालची एक आणि मागची एक. मावशींची तारांबळ — “सर तुम्ही! कळवायचं तरी!” बसायला डबा पुढे केला, मग घाईने पुसला, मग तोही नको म्हणून शेजारून स्टूल आणलं. त्याचा एक पाय आखूड. बोलता बोलता मी कागदाची घडी करून खाली सारली.

मुलगी दारात उभी राहिली. आत येईना.

मी कोरा कागद काढला. नमुना मुद्दामच नेला नव्हता. “तू सांग. मी लिहितो.”

“तुम्ही ‘रोज’वर लाल खूण केलीत.”

“केली.”

“रोजच होतं ते. मग मी काय लिहायचं होतं?”

मावशी दटावायला लागल्या, “अगं, सरांशी कसं बोलतेस!” — मी त्यांना हातानेच थांबवलं.

काय सांगणार? जन्मभर मापात चुकलो नाही, म्हणून मिरवतो. पोरीने अचूक तारीख दिली होती. त्याहून अचूक तारीख या गोष्टीला असूच शकत नाही. साक्षीदार — सगळे. बरोबर! बत्तीसच्या बत्तीस! आणि मी तिला शुद्धलेखनाच्या वहीसारखं तपासून परत पाठवलं.

“माझं चुकलं,” म्हणालो.

“मग तेही लिहा.”

लिहिलं. तिच्यासमोर. तिने वाचून पाहिलं, आणि मगच आत येऊन बसली.

तासभर बोलली. जूनपासूनचं. बीकर, परीक्षानळ्या, फळा, एकदा कुणाला उलटी झाली ती. आकृती काढायला वेळच मिळायचा नाही, म्हणून मार्क गेले. मार्क गेले म्हणून ‘फडक्याला कशाला हवंय विज्ञान’. मावशी ऐकत होत्या. मध्येच उठून पाणी प्यायल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच प्रयोगशाळेची फरशी त्या रोज पुसतात.

“मला का नाही बोललीस?”

“तुला तिथेच काम करायचंय ना,” मुलगी म्हणाली.

निघताना मला म्हणते, “सर, पेटी शिक्षकांच्या खोलीसमोर लावलीय. टाकताना सगळे बघतात. मी खडू आणायला गेले तेव्हा टाकला. तीन दिवस खडू मागत होते.”

सव्वीस वेळा कागद टाकून पाहिला होता मी. एकदाही मान वर करून समोर पाहिलं नाही.

घरी आलो. बायको म्हणाली, “अहो, चेहरा का असा?” सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही माझ्या वाणसामानाच्या यादीवरसुद्धा लाल खुणा करता.”

हसू की रडू!

२१ नोव्हेंबर, सोमवार

नोंद क्रमांक एक. तारीख: रोज. साक्षीदार: सगळे. त्याखाली — ‘सतरा तारखेस समितीप्रमुख स्वतः हजर, व हसले.’

बाईंनी वाचलं. चष्मा काढला. “हे शेवटचं वाक्य हवंच का?”

“हवं.”

“आणि मित्र ना हो तुमचे?”

“म्हणून तर हवं.”

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मला वाटलं, आता ‘समजुतीने घ्या’ येणार. त्या म्हणाल्या, “शून्य लिहिताना मला बरं वाटलं होतं. आता लाज वाटतेय. गुरुवारी सुनावणी ठेवा.”

माणसं आपल्याला वाटतात त्याहून बरी निघतात कधीकधी. कधीकधी.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

सुनावणी. बाई, मी, आणि पालकांच्या प्रतिनिधी — दवाखान्यात परिचारिका आहेत, मोजकं बोलतात. मुलीला सरांसमोर बसवायचं नाही असं ठरवलं होतं. तिचं म्हणणं आधी ऐकून घेतलं, तिच्या जागी मावशी बसल्या. खुर्चीच्या अगदी कडेला. परिचारिकाबाई म्हणाल्या, “मागे टेकून बसा. खुर्ची तुमचीच आहे.” तेव्हा टेकल्या.

सर आत आले ते हसतच. “काय मिस्त्री, कोर्ट भरवलंत!” कुणी हसलं नाही. नोंद वाचून दाखवली. “अहो, मस्करी आहे ती. वर्ग हलका राहतो. पोरं पण हसतात, विचारा.”

“हसतात,” मी म्हणालो. “मीही हसलो.”

“मग?”

“तेही लिहिलंय.”

त्यांनी वही ओढून घेतली आणि स्वतः वाचलं. मग पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. मावशींनी नजर खाली घेतली नाही. म्हणाल्या, “सर, तुमची प्रयोगशाळा मी नऊ वर्षं पुसते. पगार घेते. माझी पोरगी कशाचा पगार घेत होती?”



निर्णय: भेदभाव सिद्ध. वर्गासमोर माफी, दोन्ही मुलींची. आठवी ब वर्षअखेरपर्यंत दुसऱ्या शिक्षकांकडे. बीकर पटावरच्या क्रमाने सगळ्यांनी धुवायचे. बुडालेले प्रयोग पुन्हा करून मार्क नव्याने. अहवाल संस्थेकडे.

जाताना दारात सर मला म्हणाले, “तुझ्यासाठी काय नाही केलं रे मी.” खरं आहे. ट्रान्सफॉर्मर मला आजही पाठ आहे. बारा वर्षं मिस्त्री म्हणाले, प्रेमानेच. प्रेमानेच ना?

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

मधली सुट्टी. चहा एकट्याने. गार झाला.

२८ नोव्हेंबर, सोमवार

आली!

निळी रिबीन, दप्तर छातीशी धरलेलं. सर वर्गात आले, माफी मागितली. कागदावरून वाचली, आवाज कोरडा. मी मागे उभा होतो. मावशींच्या मुलीपर्यंत आले तेव्हा कागद खाली केला आणि पुढचं वाक्य न वाचता बोलले — “तुझी आकृती मी कधी बघितलीच नाही.” एवढंच. ते कागदावर नव्हतं, मला माहीत आहे. मसुदा माझा होता.

प्रयोगाचा तास झाला. पटावर पहिला नंबर डॉक्टरांच्या मुलाचा. त्याला बीकर धुता येईना! आतून फेस तसाच. मावशींची मुलगी आकृतीतून मान वर न करता म्हणाली, “ब्रश उलटा धरलायस.”

वर्ग हसला. वेगळं हसला. मीही — या वेळी ऐकून.

१ डिसेंबर, गुरुवार

पेटी सोमवारीच हलवली. आता वाचनालयात, दोन कपाटांच्या आडोशाला. नमुना फाडला. नवा केला: ‘काय झालं? तुझ्या शब्दांत.’ खाली सगळा कागद मोकळा. रेघासुद्धा नाहीत — हात शिवशिवत होता, पण नाहीत.

तीन दिवसांत पाच चिठ्ठ्या. एक पेन्सिलीने, एकावर नुसतं चित्र. एकावर: ‘बोलायचंय, पण सांगू नका.’ एकात माझंच नाव — ‘लाकूडकामाचे सर मुलींना करवत देत नाहीत, पॉलिशच करायला देतात.’

बसून आठवलं. खरं आहे! बोटं कापतील म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. नोंद क्रमांक चार. चौकशी परिचारिकाबाईंकडे दिली. उद्या सहा करवतींना धार लावणार.

५ डिसेंबर, सोमवार

संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावलं. फार गोड बोलले. नोंद क्रमांक एकमध्ये ‘भेदभाव’ आहे तिथे ‘गैरसमज’ करायचं, पान नव्याने लिहायचं, एवढंच. बदल्यात, एकोणीस वर्षं दर वर्षी नव्याने होणारी माझी हंगामी नेमणूक कायम. आणि मागच्या पगारातला फरक एकरकमी. नाही म्हणालो. आकडा त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला होता. बाहेर बाकावर बसून मी पुन्हा मांडून पाहिला. बरोबर होता — सहा लाख अठरा हजार चारशे.