खंदकातलं पाणी उतरल्यावर

प्रिय जाइल्स,

वकिलांचे कागद तुला मिळाले असतीलच. आईने तिचा अर्धा वाटा आपल्या दोघांना ठेवल्यामुळे तुझ्या सहीवाचून आपलं हे घर, सॅलो हॉल, विकता येत नाही, हे तुला त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं समजावलं असेल. सही कर किंवा करू नकोस, मी त्यावर बोलणार नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. पण बसणं काही जमत नाही. दर दोन ओळींनी उठून खिडकीशी जाते, खंदकात पाणी किती चढलं ते बघते आणि परत येते. का, ते सांगते.

बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. फेब्रुवारीत खंदकावरच्या पुलावर बर्फावरून घसरले आणि मला हाक ऐकू येईपर्यंत तिथेच कठड्याला टेकून बसले होते. सापडल्यावर पहिलं वाक्य काय, तर "चहा टाकलायस का?" त्या दिवशीच मी ठरवलं, घर विकायचं; तेव्हापासून मी इथेच मुक्कामाला आहे. बाबांसाठी माझ्या घरामागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या पाहून ठेवल्या आहेत. बाबा बघून आले आणि एवढंच म्हणाले, "इथे बेडकांचा आवाज येत नाही." नाही म्हणाले नाहीत. मला तर वाटत होतं, त्यांनी भांडावं.

घर दाखवायला मिस्टर पिल्चर नावाचे एजंट येतात. त्यांनी जाहिरातीत 'नूतनीकरणाला भरपूर वाव' असं छापलं. बाबा चष्मा वर करून म्हणाले, "छप्पर गळतं असं सरळ लिहा की, शाई कमी लागेल." बेकफर्ड नावाचं लंडनचं जोडपं पहिल्यांदा आलं तेव्हा तर बाबांनी कहरच केला. गच्चीखालची ओल, किड्यांनी पोखरलेली तुळई, दार न उघडणारं न्हाणीघर, सगळं स्वतः हौसेने दाखवलं. मिसेस बेकफर्डनी बाहेर झुकलेल्या भिंतीकडे बघत विचारलं, "ही पडणार तर नाही ना?" तर बाबा म्हणतात, "पडायचीच असती तर माझ्या आजोबांच्या अंगावर पडली असती. त्यांच्यावर सगळ्यांचाच राग होता." ती बाई इतकी हसली की मला कळलं, ही घर घेणार. पिल्चर रुमालाने कपाळ टिपत माझ्या कानाशी म्हणाले, "पुढच्या वेळी वडिलांना कुठेतरी जेवायला न्या हो."

ती पुढची वेळ म्हणजे येता शनिवार. बेकफर्ड घराची तपासणी करणाऱ्याला घेऊन येणार आहेत. आणि काल, बुधवारी सकाळी, मी पडदा सारला तर खंदकात पाणी नाही.

आदल्या दिवशी बाबांनी खंदकातलं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या सगळ्या फळ्या काढून ठेवल्या होत्या. ज्या माणसाने आपल्याला लहानपणी दर उन्हाळ्यात दटावलं की पाणी भिंतीच्या तिसऱ्या विटेच्या खाली जाऊ द्यायचं नाही, पायातले ओकचे लाकडी खांब उघडे पडून वाळले की घर खचेल, त्याच माणसाने. सगळीकडे काळा चिखल, मेलेल्या पानांचा वास, मधोमध एक बादली आणि कुणाची तरी सायकल. दुपारपर्यंत जेवणघराचं दार चौकटीत अडकायला लागलं होतं. जिन्याजवळच्या गिलाव्यावर केसाएवढी चीर दिसली. ती जुनीच असेल, असं मी मनाला सांगते आहे. पिल्चरना फोन केला तर ते किंचाळले, "मॅडम, आम्ही खंदकाचं घर म्हणून छापलंय! चिखलाचं नाही!"

मला वाटलं, बाबांनी मुद्दाम केलं. गिऱ्हाईक पळावं म्हणून. मी रबरी बूट चढवून तरातरा खाली गेले, तोंडाला येईल ते बोलायच्या तयारीने. बाबा पूर्वेकडच्या कोपऱ्यात मांड्यांपर्यंत चिखलात उभे होते आणि काठावर शेजारचा मॉरिस ट्रॅक्टर चालू ठेवून उभा होता. "पोरी, आरडाओरडा नंतर," मॉरिस म्हणाला, "आधी ही दोरी धर. तुझा बाप माझं ऐकत नाही, तुझंही ऐकणार नाही."

जाइल्स, चिखलातून तुझी होडी निघाली. तीच आपली 'पाणकोंबडी'. सपाट तळाची, तू आणि बाबांनी त्या एका उन्हाळ्यात बांधलेली. आत दगड होते, ओळीने, एकेक नीट बसवलेले. मॉरिसने ते काढले, आम्ही पाणी मारलं आणि बाकाखाली तू चाकूने कोरलेला तो तीन पायांचा पक्षी दिसला. त्याचे तिन्ही पाय शाबूत आहेत.

तुला आठवत असेल, हे घर, ही चिखलात उभी असलेली पेटी, मला सांभाळायची नाही, असं सांगून तू टास्मानियाला गेलास, आणि पुढच्या आठवड्यात आईने तुला फोनवर सांगितलं की बाबांनी तुझी होडी दगड भरून बुडवली. तिने खिडकीतून पाहिलं होतं. जे दिसलं तेच तिने सांगितलं. त्यानंतर तू या पुलावर पाऊल ठेवलं नाहीस. आई गेली तेव्हा आलास, तेही गावातल्या लॉजवर उतरलास. मलासुद्धा कायम तेच वाटत आलं. काल मी बाबांना तोंडावर म्हटलं, "रागाने बुडवलीत, आणि आता एवढ्या वर्षांनी बाहेर कशाला?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी परक्या भाषेत बोलले. "बुडवली नाही," ते म्हणाले. "ठेवली. वापरायला कोणी नसलं की होडी अशीच पाण्याखाली ठेवतात. कोठीत टाकली असती तर वाळून फळ्या फाटल्या असत्या." मग विचारलं, "त्याला काय सांगितलं होतं तिने?" मी सांगितलं. मॉरिसने ट्रॅक्टर बंद केला. मग बाबा काठावर चढले, कोणाचा हात न घेता, आणि पोती आणायला गेले.

बांधाच्या फळ्या काल संध्याकाळीच परत बसवल्या आहेत, पण ओढ्याला धार बारीक आहे. शनिवारपर्यंत तिसरी वीट बुडेल की नाही, कोण जाणे. तुला हे पत्र मिळेपर्यंत बेकफर्डनी घर घेतलेलं असेल किंवा ते पळालेले असतील. आत्ता पुन्हा बघून आले. अजून एक वीटही बुडालेली नाही.

होडी कोठीत आहे, ओल्या पोत्यांखाली. उघडी ठेवली तर चार दिवसांत तडकेल, आणि परत पाण्यात ठेवली तर घराबरोबर परक्यांची होईल. काय करायचं, असं मी आज सकाळी विचारलं. बाबा पोत्यावर पाणी शिंपडत होते. वर न बघता म्हणाले, "त्याला विचार." तू गेल्यापासून त्यांनी तुझ्यासाठी काही निरोप दिला असेल, तर तो हा. म्हणून हे पत्र. फोनवर बाबांचा विषय निघाला की तू तिकडच्या हवेबद्दल बोलायला लागतोस, म्हणून फोन केला नाही. आणि तूही उत्तर फोनवर देऊ नकोस. इथे येऊन त्यांना सांग. तोवर सकाळी ते आणि संध्याकाळी मी, पोती ओली ठेवतो आहोत.

दोन्ही हात अजून चिखलाचे असलेली,
तुझीच,
व्हेरिटी