बेगमसाहेबांचा बाग

मु. शहागड, कोजागरीचा आदला दिवस

तीर्थरूप भुजंगदादास,

धाकट्या द्वारकीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही इकडं बरे आहोत. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे, वहिनीचा खोकला गेला का, अन् रातपाळीला घोंगडी नेतोस का तसाच कुडकुडत रूळ बदलून राह्यलास, ते कळवणे. (अक्षर माझंच आहे. तुझ्या दाजींसंगं दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता लिहायला शिकले, म्हणून एकेक अक्षर पाटीएवढं पडतं अन् कागद लवकर सरतो. हसू नकोस.)

तुझा निरोप पोचला. जालन्याला रेल्वेचं क्वार्टर मिळालं, आनंद झाला. सांधेवाल्याला क्वार्टर मिळणं ही काय लहान गोष्ट आहे? केदारखेड्याचं आपलं घर शेजारच्या कारभाऱ्याला द्यायचं ठरवलंस, दिवाळीआधी तो ते पाडून तिथं गुरांचा गोठा करणार, अन् यंदा भाऊबीजेला मी सरळ जालन्यालाच यायचं, हेही कळलं. माझं काही म्हणणं न्हाई. आई-बाबा गेले, तू नोकरीवर, तिथं दिवा कोण लावणार? बिलकुल म्हणणं न्हाई. जबाब द्यायला उशीर झाला तो रागानं न्हाई, रेल्वेमुळं झाला. तुझ्या न्हाई, माझ्या रेल्वेमुळं. पाणीबिणी पी अन् बस, मंग वाच.

इथल्या जहागीरदारांच्या मेहरुन्निसा बेगमसाहेब तुला ऐकून माहीत आहेत. जन्मात एकदाच आगगाडीत बसल्या, नवरी होऊन हैदराबादेहून जालन्याला आल्या तेव्हा, अन् तेही डब्याला चहूबाजूंनी पडदे लावून. म्हणजे गाडीत बसल्या पण गाडी काही पाहिली न्हाई. त्यांचा लेक विलायतेत शिकायला आहे, त्यानं आईसाठी तिकडून गाडीच पाठवली. चावीची! दादा, तू रोज खरी गाडी बघतोस, तुला त्याचं काय. पण मी सांगते, ते इंजिन पाहून माझे हात आपोआप जोडले गेले. हातभर लांब, काळंभोर, चाकं माझ्या बांगडीहून लहान, अन् प्रत्येक चाकाला तसाच दांडा, जसा तू मला जालन्याला दाखवल्ता. चावी दिली की हवेलीच्या आतल्या बागेत बारक्या रुळांवरून गरागरा फिरती. फिरती खरी, पण जायचं कुठं? ना ठेसन, ना गाव. चुकलेल्या वासरासारखी नुसती चकरा मारी. बेगमसाहेब म्हणाल्या, हिला थांबायला जागा पाहिजे.

आता यात मी कशी सापडले? जिभेमुळं. नदीवर धुणं धुताना मी बायांना सांगून राह्यले होते की माझा भाऊ रेल्वेत आहे, त्यानं हात दाखवल्याबिगर गाडी पुढं सरकत न्हाई. (थोडं वाढवून सांगितलं. तुझ्यासाठीच की!) ते हवेलीतल्या इमामबीनं ऐकलं, अन् दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. तुझ्या दाजींचा धंदा तुला ठावूकच आहे, लगीनसराईत बाशिंगं, भाद्रपदात मखरं, मोहरमात पाशामियाँच्या ताबुताला कामट्या बांधून द्यायच्या. म्हणजे छोट्या इमारतीला शहागडात दुसरा माणूस न्हाई. पण बाग जनान्यातली, तिथं गड्याची सावलीबी पडायची न्हाई. मंग ठरलं असं की दाजींनी घरी बांधायचं, मी पदराखाली झाकून आत न्यायचं, मांडायचं, डागडुजी अन् रंग करायचा, अन् ह्यांनी भिंतीपलीकडं उकिडवं बसून "छपराचा उतार पाण्याकडं ठेव गं" म्हणून ओरडायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा भिंतीपलीकडं असला की संसार कसा सुरळीत चालतो ते आत्ता कळलं.

पहिलं ठेसन झालं. बाशिंगाच्या त्या हलक्या, पांढऱ्या भेंडाचं. दादा, काय सांगू तुला! तुझ्या दाजींच्या हाताला लग्नाशिवाय दुसरं वळणच न्हाई. ठेसनाला सोनेरी बेगड, कमानीवर मोर, दोन्ही अंगांनी मुंडावळ्या सोडलेल्या. जणू ठेसन बोहल्यावर उभं राह्यलंय अन् इंजिन नवरी होऊन येऊन राह्यलंय. बेगमसाहेब जाळीच्या ओढणीतून बराच वेळ बघत राह्यल्या अन् म्हणाल्या, मुबारक हो. ते ठेसन एक दिवस टिकलं. खळ ज्वारीच्या पिठाची, वास हवेलीतल्या बकरीला लागला. तिनं आधी मुंडावळ्या खाल्ल्या, मंग तिकिटाची खिडकी, अन् शेवटी मास्तरच्या खोलीसकट सगळं ठेसन. तुझ्या दाजींनी दोन दिवस भाकरीला हात लावला न्हाई. मी म्हटलं, बकरीनं खाल्लं, तुम्ही तरी खा. तर माझ्यावरच डोळे वटारले.

दुसरं केलं ते मात्र पक्कं. खळीत कडूजहर मोरचूद घातला, वरून जवसाच्या तेलात राळ उकळून तीन हात दिले. भिंतींना गेरू, छपराला पाटीवरचा काळा रंग. कवलं भेंडाच्या चकत्यांची, एकेक नखाएवढी. मी माझ्या हातानं कौल न् कौल चिकटवलं. जालन्याचं जेवढं आठवलं तेवढं सांगितलं, बाकीचं ठोकून दिलं. (घंटा खिडकीच्या डावीकडं असती का उजवीकडं? मी दोन लावल्या.) बकरी आली, वास घेतला, शिंकली अन् गेली. बेगमसाहेब खूश झाल्या. मंग त्यांनी मला जवळ बसवलं, अन् खरं काम सांगितलं.

दादा, त्यांचं माहेर राह्यलं न्हाई. हैदराबादेत मुसीच्या काठाला घर होतं, ते मुसीच्या त्या मोठ्या पुरात गेलं. वीटसुद्धा राह्यली न्हाई. त्यांना ठेसनासमोर ते घर पाहिजे होतं. म्हणाल्या, गाडी फिरून फिरून कुठंतरी पोचली पाहिजे, तर माझ्या मैक्याला पोचू दे. अन् डोळे मिटून सांगायला लागल्या. काय त्या बाईची आठवण! पांढऱ्या भिंती, हिरव्या झिलमिलीच्या, म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या, खिडक्या, त्यातल्या एका खिडकीची खालची पट्टी मोडलेली, तिथून ह्या लहानपणी रस्ता बघायच्या. दाराची कमान, तिच्यावर चिमणीनं घरटं केल्याचा डाग. अन् मंग म्हणाल्या, "दरवाजे के सामने बाग था."

आता इथं माझी हुशारी नडली. तुला ठावूक आहे, आपल्याकडचे मुसलमान लोक 'हाथ'ला 'हात' म्हणतात, शेवटचा 'ह' गिळतात. पाशामियाँ तर 'बाघ' कधी म्हणतच न्हाईत, 'बाग'च म्हणतात. शिवाय बाग असती तर बाईमाणूस, 'ती बाग'. ह्या म्हणाल्या 'था'. म्हणजे गडीमाणूस. मी मनात म्हटलं, द्वारके, हा बाग न्हाई, बाघ आहे. वाघ! दारात बांधलेला! नवाबी लोक, त्यांना काय कमी? अन् पुढचं तर बराबर जुळतच गेलं. म्हणाल्या, अब्बा त्याला सकाळ-संध्याकाळ आपल्या हातानं पाणी द्यायचे. दुसऱ्या कुणाची हात लावायची मजाल न्हाई. आम्ही पोरं दिवसभर तिथंच खेळायचो. बया बया! माझ्या अंगावर काटा. आपण कुत्रं बांधलं तरी पोरांना लांब ठेवतो, अन् हे लोक! रंग विचारला तर म्हणाल्या, "हरा-भरा." अन् शेवटी सांगितलं की पुरात घरासंगं बागही वाहून गेला, अन् अब्बा त्याच्याच दुःखानं त्या वर्षी गेले. दादा, मी रडले. वाघासाठी जीव सोडणारा बाप! मी घरी येऊन तुझ्या दाजींना सगळं सांगितलं, त्यांनी हातातली कामटी खाली ठेवली. मंग म्हणाले, "हिरवा वाघ?" मी म्हटलं, नवाबाचा वाघ आहे, आपल्याला काय कळतंय. शेवटी भेंडाचा वाघ केला, पिवळा रंगवून त्याला हिरवे पट्टे मारले.

घर मात्र असं झालं की सांगता येत न्हाई. तुझ्या दाजींनी त्यात बेगडाचा एक तुकडा वापरला न्हाई. मी सांगत गेले, ते करत गेले. मोडकी पट्टी मोडून लावली. घरट्याचा डाग मी काजळीनं केला. मला वाटलं होतं, खेळणं आहे. पण चुन्याचा दुसरा हात वाळला, अन् मी ते उचलताना आवाज केला न्हाई, आत कुणी झोपलं असंल असं वाटलं. आम्ही दोघंही कुजबुजतच बोलायला लागल्तो.

हवेलीत नेलं. रुळांपाशी मांडलं. दारापुढं ऐटीत वाघ उभा केला. बेगमसाहेब आल्या अन् दादा, ती एवढी मोठी बाई, रेशमी कपड्यांत, सरळ जमिनीवर पालथी झाली! गाल मातीला टेकला, एक डोळा मिटला, अन् दुसरा कमानीतून आत लावला. किती वेळ हलल्या न्हाईत. मंग मला हातानं खूण केली. मीही त्यांच्याशेजारी पालथी पडले. अगं माय! मातीला डोळा लावला की ते घर मोठं होतं, दादा. आपण बारीक होतो अन् घर खरं होतं. कमान आपल्या डोक्याच्या वर जाती, आत अंधार पडतो, अन् वाटतं, आता आतून कुणीतरी विचारंल, कोण आहे? जहागीरदारीण अन् बाशिंगवाली, दोघी एका दारासमोर पडलो होतो, अन् दोघींचा श्वास रोखलेला. त्या हळूच म्हणाल्या, "अम्मा अंदर ही हैं." मी हो म्हटलं. मलाही तसंच वाटलं.

मंग त्यांचं लक्ष वाघाकडं गेलं. विचारलं, हे कोण? मी छाती फुगवून सांगितलं, तुमचा बाग. आधी त्यांना कळेना. मंग कळलं. दादा, इमामबी सांगती की तिनं इतक्या वर्षांत त्यांना हसताना ऐकलं न्हाई. त्या हसल्या, ओढणीचा बोळा तोंडात घालून हसल्या, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतच राह्यल्या. बाग म्हणजे बागच होती रे, झाडांची! पेरू होते, मोगरा होता. करायला गेले गणपती, झाला मारुती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भिंतीपलीकडून हे ओरडून राह्यले, "वाघ आवडला का गं?" मी काय सांगू, कप्पाळ?

वाघ उचलायला गेले तर त्यांनी हात धरला. म्हणाल्या, राहू दे. गल्लीतली पोरं पेरू चोरायची, अब्बा नेहमी म्हणायचे इथं एखादा वाघ पाहिजे. मंग घटस्थापनेला मी आपल्या घटासंगं तिथंही माती घालून गहू पेरले. दसऱ्याला दारापुढं बोटभर उंच हिरवीगार बाग उभी, अन् तिच्यात हिरव्या पट्ट्यांचा वाघ. गाडीला चावी दिली. गाडी ठेसनावरून निघाली, वळण घेतलं, अन् चावी सरत आली ती नेमकी त्या दारापुढं येऊन थांबली. बेगमसाहेब एवढंच म्हणाल्या, पोचले.

घरी आल्यावर तुझ्या दाजींनी विचारलं, "कसं दिसतंय?" त्यांनी बांधलं, पण त्यांना ते तिथं कधी बघायला मिळायचं न्हाई. मी म्हटलं, खरं दिसतंय. ते नुसते हं म्हणाले अन् भेंड सोलायला बसले.

तर असा उशीर झाला. वहिनीला नमस्कार. केदारखेड्याच्या घराबद्दल माझं काही म्हणणं न्हाई, हे परत लिहिते.

तुझी
द्वारकी

ता. क. सिग्नलच्या कंदिलाची फुटकी हिरवी काच पडली असंल तर एक तुकडा आण. अन् घंटा कुठल्या बाजूला असती तेही सांग.

ता. क. वरचा ता. क. ठेव बाजूला. बेगमसाहेबांनी काल मला विचारलं, तेरा मैका कैसा है, द्वारका? मी मोठ्या तोंडानं सांगायला लागले, की आमची चूल अशी, चुलीच्या बाजूला आईचा मिठाचा कोनाडा... अन् अडकले. कोनाडा चुलीच्या उजवीकडं का डावीकडं? आठवेना. हात करून बघितला, बसून बघितलं. आठवेना, दादा! त्यांचं घर पाण्यात गेलं तर त्यांना चिमणीचा डाग आठवतो, अन् माझं घर उभं आहे तर मला कोनाडा आठवत न्हाई.

ता. क. तीनदा लिहिलं की माझं म्हणणं न्हाई. त्या ओळी खोडून वाच. कोनाडा कुठं आहे ते मला लिहू नकोस, मी येऊन बघते. मला न्यायला ये, पण जालन्याला न्हाई, आधी केदारखेड्याला ने. तुझे दाजी सुतळी घेऊन मापं काढायला संगं येतील. तोवर भिंत उभी ठेव. अन् कारभाऱ्यानं पहार उचललीच, तर त्याला म्हणावं, दारात वाघ आहे. शहागडाहून निघालाय.