उशीचं ओझं

ताई,

थर्मासमधला चहा पी आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ये. मी तुझा नंबर लावून बसलोय. चेष्टा नाही. थर्मासमध्येही खरंच चहा आहे, मीठ घातलेलं नाही.

त्या डोंगरावरच्या कुरणांच्या ट्रेकसाठी तू रोज सॅक पाठीवर घेऊन जिना चढतेस ना, त्यातल्या पाण्याच्या बाटल्या काल मी काढल्या आणि आत उशी कोंबली. म्हटलं, पहिल्याच पायरीवर ओळखशील आणि माझा उद्धार करशील. तू गच्चीपर्यंत गेलीस, कठडा धरत खाली आलीस आणि धापा टाकत म्हणालीस, “आज ओझं जरा जास्तच झालं रे.”

मला हसू आवरेना. मग आपोआप आवरलं.

तेव्हापासून मला तुझा संशय येतोय. हल्ली दूध मला आणायला लावतेस. फोनवर बोलता बोलता खुर्ची ओढतेस. आणि ‘नवशिक्यांसाठी अगदी सोपी वाट’ हे त्या ट्रेकवाल्याचं वाक्य येता-जाता ऐकवतेस. मला पटवतेस की स्वतःला? विचारलं असतं तर “काही नाही रे” म्हणून मोकळी झाली असतीस.

ट्रेक रद्द केलेला नाही. ट्रेकवाल्याला फोन करून तुला पुढच्या तुकडीत टाकलंय. तुझ्या मैत्रिणींना सांगितलं, माझा गुडघा धरलाय, म्हणून ताईला निघता येत नाही. त्या विचारतील, तेव्हा मला मनसोक्त शिव्या घाल. मी सकाळपासून लंगडतोय.

बारक्या