या हंगामाचं पाणी

माझी लाडकी आत्या,

तू देवाघरी गेलीस तोवर मी तुझ्याशी धड बोलले नाही, आणि आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसून तुला कागद लिहिते आहे. काय करू? ही बातमी आधी तुलाच सांगायला हवी. अगं, तुझं खरं निघालं! निदान अर्धं तरी!

वांग्याची झाडं उभ्या उभ्या माना टाकायला लागली की तू काय करायचीस, आठवतं? मेलेल्या झाडांत एखादं तगलेलं झाड हेरायचीस, त्याच्या बुडाशी सरीत साचलेलं पाणी तांब्यात भरायचीस आणि रोपांना घालायचीस. एकदा मी चिडवलं, एवढं औषधी आहे तर कॅन भरून ठेव की! तर म्हणालीस, "शिळ्यानं काई होत नाई वं. या हंगामाचं पाणी या हंगामालेच लागते."

मी तेव्हा एम.एस्सी. होऊन नुकतीच नोकरीला लागलेली. म्हणजे विचारूच नको! वाळक्या झाडाची दांडी कापून ग्लासातल्या पाण्यात धरली, खाली पांढरा धागा उतरला. "हे बघ जंतू! तू आपल्या हातानं रोग वाटून राह्यलीस!" भाजी न्यायला आलेल्या बायांसमोर ओरडले आणि तुझ्या सरीत ब्लिचिंग पावडर ओतली. तू पदराला हात पुसलेस आणि घरात गेलीस. का गं? एक शिवी तरी हासडायची होतीस!

यंदा आखाडात तुझ्या सुनेचा, सुनंदा वहिनीचा फोन आला. "ताई, वांगं मरून राह्यलं. उपटून टाकू का? तुमी सांगसान तसं." तुझं ते काटेरी वांगं आता आपल्या जैनथ गावाकडे दुसऱ्या कोणाच्याच वाडीत नाही. बी धरायची वांगी झाडावर पिकायची होती. वाफा उपटला असता तर तुझं वाणच संपलं असतं.

थोडं थांबा म्हटलं आणि वाडीवर जाऊन माती आणि सरीतलं पाणी घेऊन आले. जंतू बशीत वाढवले की दुधाळ साय धरते. त्या सायीवर तुझ्या सरीतल्या पाण्याचा थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी तिथे स्वच्छ गोल ठिपका! जंतू साफ! त्या पाण्यात व्हायरस होते, आत्या. माणसाला नाही, झाडाला नाही, फक्त जंतूंना होणारे. हसू नकोस, जंतूही आजारी पडतात.

औषध सापडलं म्हणून मी बाटली फ्रिजमध्ये ठेवून दिली. नेमकं तू जे करू नको म्हणत होतीस तेच! भादव्यात वाडीतून ताजे जंतू आणले, त्यांच्यावर तोच थेंब टाकला, तर काही नाही. एक ठिपका नाही. बाटली बिघडली म्हणावं तर आखाडातल्या जंतूंना ती अजून मारत होती. म्हणजे बदलले होते ते जंतू! मग ताजं पाणी आणलं. बारीक गाळणीनं जंतू अडवले, व्हायरस तेवढे खाली उतरू दिले. त्याचा थेंब टाकला आणि दुसऱ्या दिवशी बशी उजेडात धरली. आखाडाचे जंतूही गारद, भादव्याचेही! मी अशी किंचाळले की शेजारच्या वर्गातल्या तेलुगू पोरी "एमैंदि मॅडम?" करत धावत आल्या. काय झालं म्हणून काय सांगू त्यांना!

जंतूच्या अंगावर एक जागा असते, व्हायरस तिलाच कडीसारखा अडकतो. ज्या जंतूची ती जागा थोडी वेगळी निघते तो वाचतो, त्याचीच पिल्लावळ वाढते. मग व्हायरसच्या लाखो पोरांत एखादं वेगळ्या कडीचं निपजतं, ते पुन्हा अडकतं. तुझ्या वाफ्यात हे भांडण रोज चालू आहे! आणि गंमत म्हणजे, व्हायरसपासून वाचलेल्या जंतूंपैकी कित्येकांच्या अंगात झाडाला मारायचा जोर उरत नाही. तगलेल्या झाडाच्या बुडाशी व्हायरसची सरशी झालेली असते; तू तिथेच जायचीस ते उगाच नाही.

मात्र तुझ्या तांब्यात रोगाचे जंतूही जात होते. तेवढं माझं ऐकायला हवं होतंस.

कुंड्यांत वांग्याची रोपं लावून मातीत भादव्याचे जंतू सोडले होते; आज सकाळी त्या पाहिल्या. शिळ्या पाण्याची रोपं आडवी झालीत, गाळलेल्या ताज्या पाण्याची ताठ उभी आहेत! कुंडी म्हणजे वाडी नव्हे, मला कळतं. तरी लगेच वहिनीला फोन केला, "उपटू नका! मी पाणी घेऊन येते!" आणि लाज सोडून म्हटलं, तेव्हा माझं चुकलं. त्या वर्षी वाफा वाचला तो ब्लिचिंगनं, असं मी इतकी वर्षं वर्गात सांगत आले, हेही तिला सांगितलं.

वहिनी म्हणाली, "ताई, पावडरनं नाई वाचला. आत्याबाईनं दुसऱ्या दिवशी नाल्यापलीकडच्या वाडीतून तगलेल्या झाडाखालचं पाणी आणून घातलं. मले म्हणाल्या, पोरीले काई बोलू नको, शिकून राह्यली ते. एक दिस सोताच इचारन."

आत्या, मी विचारलंच नाही गं. तू वाट पाहत राहिलीस आणि मी शिकवत राहिले.

आता नवरात्रात बतुकम्माच्या सणाच्या सुट्ट्या लागताहेत. बस पकडून वाडीवर जाते, गाळलेलं पाणी घालते, बी पिकेपर्यंत तिथून हलत नाही. आणि वचन देते, वहिनी तिथे जे जे करेल, त्यातल्या कशालाही हात लावायच्या आधी तिला कारण विचारीन, "वहिनी, हे काऊन?"

तुझी, अजून शिकून राहिलेली,
वर्षा