आधी आपण अंघोळ करायची

अण्णा, तांब्या बादलीच्या काठाला लागायचा, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मिरजेच्या आपल्या घरामागच्या दोन खोल्या नव्या बिऱ्हाडाला द्यायच्या असल्या, की किल्ली देण्याआधी तुम्ही तिथल्या न्हाणीत स्वतः अंघोळ करायचात. बंब पेटवून, कडी लावून, सावकाश. मी बाहेर पायरीवर शाळेतली कविता पाठ करत बसायचो आणि आतून तुमचा तांब्या ताल धरायचा. मग ओल्या पंच्यात बाहेर येऊन तुम्ही म्हणायचात, "धूर कोंडत न्हाई, पाय घसरत न्हाई. आता द्या किल्ली." आई हसायची, "आवं, भाडेकरूच्या आधी मालकच पवित्र." एकदा न्हाणीच्या झरोक्याच्या जाळीतली जळमटं काढायला सांगितलंत आणि मी कवितेतच रमलो, तेव्हा तुम्ही पुस्तक मिटून माझ्या हातात केरसुणी दिलीत. "खोली आपली आसंल, आतली हवा त्येंची हाय. ती आडवायची न्हाई."

ती मी अडवली, अण्णा.

यंदा बंब काढून गॅसचा गिझर बसवला. बसवणारा म्हणाला, "आजोबा, ही जाळी तेवढी कवा बुजवू नका." मी मान डोलावली. मग खोल्या रिकाम्या असताना कबुतरांनी जाळीत घर केलं, घाण सोसवेना, म्हणून एका दुपारी स्टुलावर चढून मी तिच्यावर फळी ठोकली. ठोकताना आठवीतली कविता म्हणत होतो. हातोडा बरोबर मात्रांवर पडत होता, त्याचंच मला कौतुक. दिवाळीनंतर जतकडचं तरुण जोडपं राहायला आलं. ती इथल्या इस्पितळात नर्स, तो गॅरेजात कामाला. मी किल्ली दिली. अंघोळ केली नाही. थंडी होती, गुडघे दुखत होते, आणि खरं सांगायचं तर आठवणच झाली नाही.

परवा सकाळी ती न्हाणीतून बाहेर आलीच नाही. नवऱ्यानं दार तोडलं. अजून तिनं डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, गिझरचा विषारी वायू आतच कोंडला. त्याला वास नसतो, माणसाला कळतही नाही. पोलिसांनी अंगणात विचारलं, फळी कुणी ठोकली? मी म्हणालो, "बिऱ्हाडानं ठोकली असेल, थंडीसाठी." आयुष्यभर इतक्या ओळी तोंडपाठ केल्या, पण ही एक न शिकवता आली. तिच्या नवऱ्याला चौकीत नेताना तो वळून म्हणाला, "आजोबा, तुमी तरी सांगा की." मी छपरावरच्या कबुतरांकडे बघत राहिलो. ती शुद्धीवर आली की बोलेन, असं सारखं मनाशी ठरवतोय. आणि नाहीच आली तर? तिथं पोचलो की पुढचं काही सुचत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

कडी वाजली. पोलीस असतील म्हणून उठलो, तर दारात खांद्यावर घोंगडं घेतलेला एक म्हातारा. त्या पोराचा बाप, जतहून आलेला. आत येईना, पायरीवरच बसला. हात जोडून म्हणाला, "मालक, पोरगं म्हनतंय, म्या फळी ठोकली न्हाई. भ्यानं खोटं बोलत आसंल. तुमच्यासारखा जाणता मानूस कशाला खोटं सांगंल? पदरात घ्या त्येला."

पाणी आणतो म्हणून मी आत आलोय. तांब्या भरलाय आणि उभ्यानंच हे लिहितोय. तुम्हाला सांगणं सोपं गेलं, अण्णा. तुम्ही उलट काही विचारत नाही. एका हातात तांब्या आहे, तो टेबलाच्या कडेला लागून सारखा वाजतोय. बाहेर त्याला ऐकू जात असेल.