व्याह्यांनी लावलेली खीळ

आदरणीय व्याही यांस, पक्क्या जमिनीवर उभं राहून केलेला नमस्कार. आपले गुडघे काय म्हणतात? विहीणबाईंचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. (हा शब्द आजवर मी सवयीनं लिहीत असे. या वेळी विचार करून लिहिला आहे.)

आपण प्रेमानं बोट दिलीत, मागच्या फळीवर इंजिन चढवलंत, आणि ते किती कलतं राहावं याची खीळ स्वतःच्या हातानं सर्वांत बाहेरच्या भोकात घातलीत. शाळेत पाठ केलेल्या कवितांमधल्या नौका मला आठवल्या. त्या सगळ्या संथ जात. (त्यांना इंजिन नसे. असतं तर कवींनी चंद्रावरच समाधान मानलं असतं.) मी मागं बसून वेग दिला आणि बोटीनं हंसासारखी मान उचलली. उचलली ती उचललीच. समोरचा किनारा गेला, तळं गेलं, मला फक्त आभाळ दिसू लागलं. मग बोट उड्या मारू लागली : एक हलकी, दोन जड, एक हलकी, दोन जड, अगदी भुजंगप्रयातात. वृत्त निर्दोष होतं, पण माझ्या काळजात यतिभंग होत होता.

बोटदुरुस्तीवाला म्हणाला, "आजोबा, ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल, चुकलंय. तुम्ही एकटे मागं बसता, पुढं वजन नाही. खीळ आतल्या भोकात घ्या, इंजिन बोटीकडे सरकेल, नाक खाली येईल." पण व्याह्यांनी लावलेली खीळ आपण हलवायची? मुलीच्या सासरचा मान काही आहे की नाही? म्हणून मी खिळीला हात न लावता आमच्या हिला पुढं बसवलं. ती म्हणाली, "एवढीच भीड असेल तर व्याह्यांनाच आणून बसवा!" पण बसली.

तळ्याच्या मध्यावर पुन्हा तेच वृत्त सुरू झालं. ही वर जाई, खाली येई, आणि प्रत्येक वेळी मागं वळून माझ्याकडे बघे. शेवटी ओरडली, "अहो, काढा ती खीळ! भिडेपायी जीव द्यायचाय का?" मी इंजिन बंद केलं, वर उचललं, आणि खीळ घातली ती थेट सर्वांत आतल्या भोकात. पुन्हा वेग दिला मात्र, बोटीनं नाक पाण्यात खुपसलं आणि अर्धं तळं हिच्या पदरात आलं. मग हळूहळू, बोट जवळजवळ चालतच नाही अशा वेगानं, आम्ही परतलो. ही काठापर्यंत माझ्याकडे बघत पदर पिळत राहिली. व्याही, पाण्याची भीती वाटते, पण त्या पिळण्याची त्याहून जास्त.

घरी येताच खीळ आपल्या भोकात परत लावली आहे. आपला शब्द मोडला असं नको.

आणि आता रविवारी तळ्यापलीकडून, आपल्या घरून नातीला याच बोटीतून, मीच चालवत आणायचं, असं लेकीनं ठरवलं आहे. चिमुरडी आनंदात आहे म्हणे. मला मात्र डोळे मिटले की तिचं ते बुडू नये म्हणून घालायचं छोटं जॅकेट दिसतं.

आपला,
व्याही

ता. क. कृपा करून शनिवारी "बोट आमच्याच कामाला हवी" असा निरोप पाठवून ती परत न्यावी. माझं नाव कुठंही येऊ नये.

ता. क. व्याह्यांना नमस्कार. ह्यांनी पत्र टाकायला दिलं, चिकटवायचं विसरले. बोट मुळीच नेऊ नका. मी खीळ मधल्या भोकात लावली, काल एकटी पलीकडे जाऊन आले, सरळ जाते. रविवारी मी चालवीन. नात माझ्याजवळ मधल्या फळीवर बसेल. पुढं वजन लागतं, तिथं हे बसतील.

ता. क. वरील व्यवस्था मला मान्य आहे, असं लिहायला मला सांगण्यात आलं आहे. पुढं बसणाऱ्यानं नेमकं काय धरायचं असतं, तेवढं मात्र उलट टपाली कळवावं.